निरोगी डाव्या गालाची फाइल

जी गोष्ट मोजलेली नाही ती आहे असं म्हणता येत नाही. फार तर ती दिसते, इतकंच म्हणता येतं. हे तत्त्व लोकांना ठाऊक नव्हतं त्या काळात माणसं नुसती एकमेकांच्या तोंडाकडे बघत आणि आपण चेहरा पाहिला, अशी स्वतःची समजूत करून घेत. सुदैवाने आता मोठ्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर डाव्या हाताला 'मुखमापन व बालार्बुद पाठपुरावा विभाग' आहे. (अर्बुद म्हणजे गाठ. पण गाठ हा शब्द पाटीवर फारच लहान दिसला असता.) उजव्या हाताला वळलं तर धुणीखाना लागतो. तिथेही बरेच जण चेहरा मोजून घ्यायला गेलेले आहेत आणि तिथल्या लोकांनी त्यांना नीट वागवलं, असं सांगतात.

विभागाचं काम थोडक्यात असं. काही लहान मुलांच्या चेहऱ्यात गाठ होते. ती किरणांनी जाळावी लागते. हे काम तळमजल्यावरचे डॉक्टर करतात आणि चांगलं करतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही. गाठ जाते, मूल वाचतं. मात्र जिथे किरण पडले तिथलं हाड पुढे सावकाश वाढतं. मूल मोठं होत जातं तसा चेहऱ्याचा एक भाग वयाप्रमाणे पुढे जातो आणि दुसरा मागे राहतो. किती मागे राहतो, हे विभाग मोजतो. मागे राहिलेल्या भागाचं करायचं काय, हा प्रश्न विभागाच्या कार्यकक्षेत येत नाही.

मोजण्याचं प्रत्यक्ष काम एकच व्यक्ती करत असे. बाकीचे आठ जण तिने केलेल्या कामावर देखरेख करत. तिला सगळे मापवाल्या बाई म्हणत. बावीस वर्षं हातात स्टीलचा कॅलिपर. डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, कानाच्या पाळीपासून हनुवटीच्या टोकापर्यंत, अशी एका बाजूची सतरा मापं त्या सात मिनिटांत घेत आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त चुकत नसत. या हाताचा त्यांना अभिमान होता. सवय इतकी अंगात मुरलेली, की नवऱ्याचा डावा कान उजव्यापेक्षा चार मिलिमीटर खाली आहे हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यांनी ते त्याला वीस वर्षांत सांगितलेलं नाही. संसार असेच टिकतात.

आता कोणत्याही संशोधनात नुसतं आजारी माणूस मोजून भागत नाही. तुलनेला निरोगी माणूस लागतो. विभाग सुरू झाला तेव्हा निरोगी मुलं पाठवा, अशी जाहिरात दिली गेली. आपलं धडधाकट लेकरू घेऊन गाठींच्या रुग्णालयात पायरी कोण चढणार? तीन महिन्यांत दोन जण आले. त्यातला एक पाणी प्यायला आला होता.

तेव्हा विभागप्रमुखांना ती कल्पना सुचली, जिच्यामुळे ते पुढे विभागप्रमुखच राहिले. ज्या मुलाच्या उजव्या गालात गाठ होती त्याचा डावा गाल तर निरोगी आहे! वय तेच, घर तेच, खाणंपिणं तेच. यापेक्षा चांगला निरोगी माणूस आणखी कुठे मिळणार? तेव्हापासून प्रत्येक मूल म्हणजे दोन सहभागी, असं ठरलं. एक 'रुग्ण' आणि एक 'निरोगी स्वयंसेवक'. दोन क्रमांक, दोन फाइली, दोन संमतिपत्रं. अशा साठ जोड्या जमल्या, म्हणजे कागदावर एकशेवीस माणसं आणि बाहेरच्या बाकावर साठ.

या साठांतली एक्केचाळिसावी छकुली. दोन वर्षांची असताना उजव्या गालात गाठ निघाली, जाळली, गेली. घरातलं नाव छकुली. तेराव्या वर्षी या नावाने हाक मारलेली तिला अजिबात खपत नसे, म्हणून सगळे तिला त्याच नावाने हाक मारत. आई शिवणकाम करायची. आपल्या घरापुढच्या अरुंद खोलीत एक यंत्र, एक मोठं टेबल आणि गळ्यात कायमची टेप. नाव नोंदवण्याच्या दिवशी तिने दोन कागदांवर दोन सह्या केल्या, तेव्हा कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं.

"दोघींची जन्मतारीख एकच कशी?"

"एकच मुलगी आहे हो."

"बाई, फॉर्म दोन आहेत. फॉर्म दोन म्हणजे मुली दोन. आईचं नाव एक, तारीख एक." त्याने क्षणभर विचार केला आणि 'जुळे' या शब्दापुढच्या चौकोनात खूण केली. "आता बसलं बघा बरोबर."

नियमावलीत आणखी एक शहाणपणाची तरतूद होती. निरोगी माणसांना रुग्णांबरोबर बसवू नये, त्यांना विनाकारण संसर्ग होतो. म्हणून निरोगी स्वयंसेवकांनी महिन्याच्या पहिल्या सोमवारी यावं आणि रुग्णांनी पहिल्या गुरुवारी. छकुली दर महिन्याला सोमवारी डाव्या गालासाठी यायची आणि गुरुवारी उजव्यासाठी. सोमवारी तिच्या उजव्या बाजूवर हिरवा टॉवेल टाकत, कारण त्या दिवशी त्या खोलीत रुग्णांना मज्जाव होता. लहान असताना तिला तो खेळ वाटायचा. टॉवेलआडून ती एका डोळ्याने "भॉक" करायची आणि बाई दचकल्यासारखं करायच्या. पुढे कधीतरी तिने भॉक करणं सोडलं. ते नेमकं कोणत्या महिन्यात, याची नोंद मात्र विभागाकडे नाही.

नाक कोणाचं, यावरही बराच विचार झाला. नाक मधोमध असल्यामुळे ते रुग्ण की निरोगी हे ठरेना. उपसमिती नेमली गेली, सात बैठका झाल्या, एक सदस्य निवृत्त झाला. शेवटी नाक ही दोन्ही सहभागींची सामायिक मालमत्ता असून त्याचं मोजमाप दोन्ही सहभागी एकाच वेळी हजर असतानाच करावं, असं ठरलं. दोन्ही सहभागी एकाच दिवशी कधीच येत नसल्यामुळे छकुलीचं नाक अकरा वर्षांत एकदाही मोजलं गेलं नाही. (हनुवटीचा निर्णय अजून व्हायचा आहे.)

स्वयंसेवक आपला वेळ समाजासाठी देतो, तेव्हा त्याच्या हातावर काहीतरी गोड ठेवणं हे विभागाचं कर्तव्यच होतं. म्हणून दर सोमवारी पाव किलो चॉकलेटच्या गोळ्यांचं पाकीट. रुग्णांना मात्र गोड देऊ नये असं आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेलं, त्यामुळे पाकिटावर शिक्का असे: 'सदर गोळ्या फक्त निरोगी सहभागीने खाव्यात.' विभागात नियम म्हणजे नियम. छकुली दोन वर्षांची असल्यापासून बाई तिला गोळी देताना बजावायच्या, "डावीकडनं चघळायची हं, बाळा." पोर गुणाची. तिने घरीसुद्धा कधी गोळी उजव्या बाजूला जाऊ दिली नाही.

पहिल्यापासून छकुलीचा एकच प्रश्न असे. बाई कॅलिपर पुसून ठेवत, तेव्हा ती विचारायची, "मावशी, कमी झालं का?" म्हणजे दोन गालांतला फरक. आकडा सहभागीला सांगण्याची सक्त मनाई होती. आकडा कळला तर सहभागी त्याप्रमाणे वाढण्याची शक्यता असते. बाई म्हणायच्या, "छान आहेस गं तू." खरं म्हणजे फरक दर वर्षी वाढत होता. वाढणारच होता. ते कळायला कॅलिपर लागत नव्हता. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही ते कळत होतं आणि त्यातले बरेच जण मान वळवून पुन्हा एकदा खात्री करून घेत.

तेराव्या वर्षी दोन गोष्टी एकदम घडल्या. जुनी शाळा सातवीपर्यंतच होती, तेव्हा सुट्टीनंतर छकुलीला नव्या शाळेत जायचं होतं. जुन्या शाळेतल्या मुलांनी तिच्या गालावरून जेवढं म्हणायचं तेवढं पहिल्या दोन वर्षांत म्हणून घेतलं होतं आणि आता ती कंटाळली होती. नव्या शाळेत सगळं पहिल्यापासून सुरू होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि त्याच सुमाराला तिला एक तरुण सर्जन भेटला. त्याची अजून कोणत्याच समितीवर नेमणूक झालेली नव्हती, त्यामुळे त्याला वेळ होता. त्याने तिचा गाल बोटांनी चाचपला आणि म्हणाला, पोटावरची थोडी चरबी काढून इथे भरता येईल. दोन तासांचं काम. अगदी सारखं होईल असं नाही, पण बरंच भरेल. वीस तारखेला जागा आहे. त्यानंतर तो दुसऱ्या देशात शिकायला जाणार होता आणि त्याच्या जागी येणारे डॉक्टर अशा गोष्टी अठराव्या वर्षाआधी करत नाहीत, असंही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

फक्त एकच कागद हवा होता. छकुली संशोधनात असल्यामुळे विभागाचा ना-हरकत दाखला.

विभागप्रमुख अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी मायलेकींना खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं आणि मग दोन पानी उत्तर दिलं. त्यातली मुख्य कारणं अशी: एक, सदर अभ्यास हा दोन बाजूंमधील फरकाचा आहे, गाल भरल्यास फरक कमी होईल आणि अभ्यासाला विषय उरणार नाही. दोन, जोडी क्रमांक एक्केचाळीसमधील फरक अकरा वर्षांच्या अखंड परिश्रमातून उभा राहिलेला असून तो विभागातील सर्वांत स्वच्छ फरक आहे. तीन, सहभागीची वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे पाच वर्षांनी, विभागाची कसलीही हरकत असणार नाही. चार, ज्या गोष्टीला हरकत आहे तिला ना-हरकत देता येत नाही.

आईने कागद दोनदा वाचला. मग गळ्यातली टेप चाचपत म्हणाली, "साहेब, आमच्याकडे एकदा माप घेतलं की चार दिवसांत कपडा देतो. तुम्ही अकरा वर्षं नुसती मापंच घेताय. शिवणार कधी?"

"तुमचं शिवणकाम आहे," विभागप्रमुख समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे शास्त्र आहे."

"मग आम्ही नाव काढून घेतो."

"अवश्य. तो तुमचा हक्कच आहे." त्यांनी नियमावली उघडून दाखवली. नाव काढायचा अर्ज दोन्ही सहभागींनी एकाच वेळी, समक्ष, कामाच्या दिवशी द्यायचा होता. निरोगी सहभागीचा कामाचा दिवस सोमवार होता आणि रुग्णाचा गुरुवार.

बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना वाटलं, पोर आता रडेल. ती रडली नाही. बाहेरच्या बाकावर बसून तिने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली आणि म्हणाली, "मावशी, मग असं करूया का? नव्या शाळेत सोमवारी डावा गाल जाईल. मी गुरुवारी जाईन."

 डावा गाल एकटाच बोलावला गेल्याचं बाईंनी पूर्वीही एकदा पाहिलं होतं. साठ जोड्यांपैकी नऊ मुलांची गाठ परत आली होती आणि ती मुलं गेली होती. विभागाच्या भाषेत त्यांना 'पाठपुराव्यास उपलब्ध नाही' म्हणतात. तसा शिक्का आहे आणि तो नऊ वेळा बाईंच्याच हातून बसला होता. पण शिक्का रुग्णाच्या फाइलीवर बसला. निरोगी स्वयंसेवकाच्या फाइलीत मृत्यूची नोंद करण्याचं काही कारणच नव्हतं, कारण तो निरोगी होता. त्यामुळे एका घरी मूल गेल्यावर तीन आठवड्यांनी पत्र गेलं, की आपला निरोगी सहभागी गेल्या सोमवारी गैरहजर होता, तरी पुढील सोमवारी न चुकता आणावा. बाप ते पत्र घेऊन आला. आरडाओरडा केला नाही. त्याने ते बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "कुठून आणू?" त्या दिवशी बाईंना विभागाची किळस आली होती, स्वतःचीही आली होती. पण नोकरी होती, सवय होती, आणि कॅलिपर हातात घेतला की माणसाचं लक्ष मापाकडे लागतं. त्यांनी ते पत्र फाइलीला लावलं आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

पुढच्या सोमवारी छकुली आली ती डावा गाल धरून. गाल टम्म सुजलेला. दाढ रात्रभर ठणकत होती. अकरा वर्षं, एकशे बत्तीस सोमवार, पाव किलोच्या हिशोबाने तेहतीस किलो गोळ्या आणि त्या सगळ्या एकाच बाजूने चघळलेल्या. एवढ्यात दाढेने काय करावं? बाईंनी टॉवेल उचलला होता तो तसाच हातात राहिला. मग त्यांनी टॉवेल घडी करून ठेवला, कपाटातून नियमावली काढली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःसाठी वाचली.

नियम नऊ: निरोगी स्वयंसेवक निरोगी असला पाहिजे. तो निरोगी नसल्यास मोजमाप करू नये. व्याधी बरी झाल्यावर त्यास पूर्ववत घ्यावं. व्याधीने अवयवात कायमची उणीव राहिल्यास त्यास वगळावं. नियम चौदा: जोडीतील एक सहभागी वगळला गेल्यास दुसऱ्याला तुलना उरत नाही, सबब तोही त्याच दिवशी आपोआप वगळला जाईल, त्यास अर्जाची आवश्यकता नाही.

बाई मायलेकींना घेऊन दुसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून पाहिलं. "खूप किडलीय. पण प्रयत्न करता येईल. चार-पाच वेळा यावं लागेल, आतून साफ करून भरू. वाचेल की नाही, निम्मंनिम्मं धरा. नाहीतर काढून टाकायची. पण ही कायमची दाढ आहे हां, पुन्हा येणार नाही."

आई म्हणाली, "भरा की. कशाला काढायची चांगली—"

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. त्यांनी नियमावली टेबलावर उघडली आणि दोन्ही नियम मोठ्याने वाचले. मग सरळ सांगितलं, "भरली तर ही बरी झाली म्हणतील आणि परत घेतील. काढली तर नाही घेता येणार. मी सांगते ते बरोबर की चूक, मला माहीत नाही. नियम असा आहे, एवढंच सांगते."

डॉक्टरीणबाईंनी आरसा ट्रेमध्ये ठेवला. आईने मुलीचा हात धरला. घरी कापड कापण्याआधी ती असंच थांबायची. एकदा कात्री चालली की मागे घेता येत नाही.

"काढा," छकुली म्हणाली.

"अगं, नीट विचार कर."

"केलाय आई. काढा."

अशा रीतीने एका तेरा वर्षांच्या मुलीने एका दाढेच्या बदल्यात तिचा स्वतःचाच उजवा गाल परत मिळवला. असा व्यवहार रुग्णालयाच्या इतिहासात पूर्वी झाल्याचं ऐकिवात नाही आणि तो ज्यांनी घडवून आणला त्यांच्यापैकी कोणालाही रात्री झोप लागली नाही, असंही ऐकिवात नाही. दाढ निघाली. दाखल्यावर लिहिलं गेलं: 'डावी बाजू, कायमची उणीव'. बाईंनी दोन फाइलींवर दोन शेरे लिहिले आणि कागद सहीसाठी आत नेले.

विभागप्रमुखांनी ते वाचले, परत वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला. (किती, ते मोजलेलं नाही.) त्यांनी प्रयत्न सोडला नाही. एक्केचाळीस-उजव्याला दुसरा एखादा निरोगी डावा गाल मिळवून देता येईल का, याचा त्यांनी शोध घेतला. जुना फॉर्म पाहता पाहता ते एकदम सावरून बसले.

"अहो बाई, हिला जुळी बहीण आहे! तिला बोलवा."

"तीच ही, सर," बाई म्हणाल्या. "तिचीच दाढ काढली."

विभागप्रमुखांनी सही केली. नियम त्यांनी स्वतःच लिहिलेले होते आणि आपले नियम मोडणाऱ्यांतले ते नव्हते. याबाबतीत त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेता येणार नाही. मात्र 'सहभागीस नियमावली समजेल अशा भाषेत वाचून दाखवल्याबद्दल' बाईंकडे लेखी खुलासा मागण्यात आला. बाईंनी आरोप मान्य केला. त्यांची बदली लिफ्टच्या उजव्या हाताला, धुणीखान्यात, चादरी मोजण्याच्या कामावर झाली. चादरी मोजून झाल्यावर धुतात, ही गोष्ट त्यांना पहिले काही दिवस फार नवलाची वाटली.

वीस तारखेला शस्त्रक्रिया झाली. त्याच आठवड्यात विभागाचा अकरा वर्षांचा अहवाल मोठ्या परिषदेत वाचला गेला. निष्कर्ष असा, की चेहऱ्याच्या एका बाजूला किरण दिलेल्या मुलांच्या चेहऱ्याच्या दोन बाजूंमध्ये फरक आढळतो. टाळ्या झाल्या. छकुलीच्या आईला कोणीतरी हे सांगितलं, तेव्हा ती दातांत धरलेल्या टाचण्या काढून म्हणाली, "हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की." विभागप्रमुखांच्या कानावर हेही गेलं. त्यावर ते म्हणाले, की त्या बाईंनी नुसतं सांगितलं होतं, आम्ही सिद्ध केलं. हे त्यांचं म्हणणं खरं आहे. अहवालाच्या तळटीपेत 'एक जोडी दंतकारणास्तव बाद' असा उल्लेख असून त्यावरून विभागाला नवा विषयही मिळालेला आहे: 'एका बाजूने चघळलेल्या गोळ्यांचा दातांवरील परिणाम'. त्यासाठी तेहतीस किलोंचा अनुभव असलेली मुलं हवी आहेत आणि तुलनेला त्यांचेच उजव्या बाजूचे दात घेतले जातील.

सुट्टी संपली. छकुली नव्या शाळेत गेली. वार सोमवार होता आणि ती पूर्ण गेली, नाकासकट.

आता आपल्याला साहजिकच एक गोष्ट जाणून घ्यायची असेल. एवढं सगळं वाचलंत, तेव्हा ती विचारण्याचा आपल्याला हक्क आहे असंही वाटत असेल: दोन्ही गाल सारखे झाले का? पूर्ण? की थोडं राहिलंच? विभागाकडे याचं उत्तर नाही, कारण ती जोडी बाद आहे. बाईंना धुणीखान्यात जाऊन विचारलं, तर त्या म्हणाल्या, "भेटली होती परवा. खूप बोलली. मोजायचं सुचलंच नाही." तेव्हा ज्यांना हे समजल्याशिवाय चैन पडणार नाही, त्यांनी सकाळी पावणेअकराला तिच्या शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभं राहावं. तिथे आपल्याआधी पुष्कळ जण उभे असतात. ते हातात काहीही न धरता, तिची सही न घेता, चालता चालता मोजतात आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त चुकत नाहीत. सगळी चांगल्या घरची, मायाळू माणसं आहेत. जरा सरका म्हटलं की आपल्यालाही जागा करून देतील.